अकराव्या मिनिटाला

वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून
अप्पांचे चार माग.
तू पोटात होतीस तेव्हापासून
खटाक्-खट, खटाक्-खट.
त्यातच तू उताणीची पालथी झालीस.
बारशाला बायकांनी तुझं नाव ओरडून घेतलं
तरी नीट गेलं नाही कुणाच्या कानात,
बेळगुंदीची आत्या अजून तुला
मृण्मयीच्या जागी चिन्मयीच म्हणते.

पाच महिन्यांची तू, आणि आरहुस.
तुझे बाबा तिथं
वाऱ्यातून लाईट काढायच्या कंपनीत.
घर उबदार, नळाला गरम पाणी,
खिडकीला दोन-दोन काचा,
आणि आवाज म्हणशील तर
फ्रिजसुद्धा श्वास धरून उभा.
तू झोपेचनास.
खांद्यावर घेऊन फिरले. पाय चोळले.
ओव्याची धुरी दिली
तर छतावरचं यंत्र असं कोकललं
की तुझ्याबरोबर मीही रडून घेतलं.

आठव्या रात्री फोन केला.
'अप्पा, माग रेकॉर्ड करून पाठवा.'
'मागाचं काय ऐकुलालीस गं तिथं जाऊन?'
म्हणाले, पण पाठवलं.
वीस मिनिटं, काहीही न कापता.

चौथ्या मिनिटाला गंगव्वा
भिंतीपलीकडून विचारते, 'चहा आतेन?'
सातव्याला धागा तुटतो
आणि अप्पा मागाच्या आईचा उद्धार करतात.
अकराव्या मिनिटाला करंट जातो.
चारही माग एकदम,
जिना उतरताना एक पायरी नसावी तसे.
कुणीतरी खोकतं. सायकलची घंटा.
बराच वेळ काहीच नाही,
मग गल्लीभर एकच ओरडा, 'आलीऽऽ!'
आणि पुन्हा खटाक्-खट.

तू झोपलीस.
खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला चिठ्ठी लावली,
रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावू नये.
मी आवाज उशीखाली घेतला.
रोज चौथ्या मिनिटाला
मी अंधारात उत्तर द्यायची,
'हूं, आत्ता झाला की.'
दिवसभरात तेवढंच एक वाक्य
जे बोलताना आधी मनात जुळवावं लागत नसे.
आणि रोज अकराव्या मिनिटाला
तू डोळे उघडायचीस.
जिथं लाईट कधी जातच नाही
तिथं पडल्या-पडल्या
लाईट यायची वाट बघायचीस.

वजन-उंची घ्यायला येणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं,
पहिला शब्द कोणता?
म्हटलं, आली.
त्यांनी लिहून घेतलं 'अली',
आणि हसून म्हणाल्या,
छान, मित्र आहे का शेजारचा?
रकाना एवढासा होता.
मी हो म्हणून टाकलं.

दोन वर्षांनी वडगाव.
खऱ्या मागासमोर उभी केली
तशी कानांवर हात दाबून किंचाळलीस,
'छोटा कर! अप्पाआजोबा, छोटा कर!'
अप्पा मागाभोवती एक चक्कर मारून आले.
पन्नास वर्षांत पहिल्यांदाच
आवाज कमी करायची कळ शोधत.
मग दोन माग बंद केले त्यांनी,
थोड्या वेळानं तिसरा.
चौथा मात्र चालू ठेवला,
बहुतेक माझ्यासाठी.

आणि आज संध्याकाळी करंट गेला.
खराखुरा. गल्ली थांबली.
अप्पा काड्यापेटी चाचपत होते,
मी ओट्यापाशी, हात पिठात,
आणि भिंतीपलीकडून, दोन वर्षं जराही म्हातारा न झालेला
गंगव्वाचा आवाज, 'चहा आतेन?'

माझं तोंड उघडलं.
पण एवढ्या दिवसांची सवय असून
घशातून काही येईना.

कोपऱ्यातल्या चटईवरून,
हुबेहूब माझ्या सुरात, माझ्या थकव्यासकट
तू म्हणालीस,
'हूं, आत्ता झाला की.'

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
'यारव्वा?' गंगव्वानं विचारलं.

लाईट अजून यायची होती.